मैदानाचा कायदा : वेळ काढणाऱ्यांचं काय करायचं?

शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांचा मोसम आला की या सदराकडे येणाऱ्या बास्केटबॉलच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते: समोरचा संघ वेळ काढतो आणि पंच बघत बसतात. यातले काही प्रकार शिक्षापात्र आहेत, काही शंभर टक्के कायदेशीर, आणि काहींत चूक पंचांची किंवा टेबलवरच्या (घड्याळ आणि स्कोअर सांभाळणाऱ्या) मंडळींची असते. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे), कारण आपल्याकडच्या अधिकृत स्पर्धा त्यांवरच खेळल्या जातात. शेवटचं एक उत्तर तेवढं अमेरिकेतलं.

पत्रं पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एक गोष्ट लिहिली होती, आणि उत्तर बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं: त्या क्षणी गेम क्लॉक चालू होता की थांबलेला? चालू असेल तर सेकंद चोरले जातात. थांबलेला असेल तर सेकंद जात नाहीत. चोरली जाते ती उसंत, म्हणजे दम खायला आणि बचाव लावायला मिळालेली. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

प्रश्न : बास्केट झाल्यावर ज्यांचे गुण झाले त्यांचाच खेळाडू जाळीतून पडलेला बॉल हळूच टोलवतो. बॉल दहा-पंधरा फूट जातो, समोरचा पोरगा तो आणायला धावतो. हा फाउल का देत नाहीत? — शारीरिक शिक्षण शिक्षक, इचलकरंजी

मुद्दाम केलं असेल तर पहिल्यांदा ताकीद आणि पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल (धक्क्याचा नव्हे, वागणुकीचा फाउल), हा सरळ रस्ता. बॉल सरळ प्रेक्षकांत भिरकावला, तर ताकीद न देता थेट टेक्निकल देण्याचा अधिकार पंचांना आहेच. आणि बॉल जाळीतून पडताना उतरत्या खेळाडूच्या खांद्याला लागून गेला, तर काहीच नाही. नकळत घडलेली, खेळावर परिणाम न करणारी बारीक गोष्ट सोडून द्यायची मुभा नियमच देतो. फरक ओळखायला हात बघा. बॉल अंगावर आला की हात आखडतो. टोला मारायचा असला की हात बॉलकडे जातो. आपल्याकडे शाळेतली मुलं बॉल उचलून समोरच्याला सभ्यपणे हातात देतात, तेही नको. त्यांना पहिल्या क्वार्टरमध्येच ‘बॉल सोड’ एवढं सांगितलं तर पुढचं सगळं टळतं.

आता घड्याळ. पहिली ३८ मिनिटं बास्केट झाल्यावर गेम क्लॉक चालूच राहतो. तेव्हा टोलवलेला बॉल परत येईपर्यंत जे तीन-चार सेकंद जातात ते गेलेच. टाइमरची चूक असेल, म्हणजे त्याने घड्याळ उशिरा थांबवलं किंवा सुरूच केलं नाही, तर मुख्य पंच ते दुरुस्त करू शकतात. इथे टाइमरने काहीच चुकीचं केलेलं नसतं. त्यामुळे ‘ते चार सेकंद परत द्या’ ही प्रशिक्षकांची मागणी मान्य होत नाही. सेकंद वाचवायचे तर शिट्टी लवकर वाजायला हवी.

पण प्रत्येक टोल्याला शिट्टी हेही बरोबर नाही. ज्यांचा बॉल आहे तो संघ पटकन उचलून पळायच्या बेतात असेल, तर तुमची शिट्टी त्यांचीच फास्ट ब्रेक (झटपट चढाई) मारते आणि टोलवणाऱ्याला हवं ते आयतं मिळतं. ताकीद द्यायची ती बॉल डेड (खेळाबाहेर) असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना. म्हणून बॉल दोन पावलांत हाती लागत असेल तर खेळ चालू द्या, खेळाडूचा नंबर लक्षात ठेवा आणि पुढच्या शिट्टीला ताकीद द्या. बॉल लांब गेला असेल तर लगेच थांबवा.

ताकीद देण्याचीही रीत आहे. आधी त्या खेळाडूला, दोन शब्दांत. मग त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला, कारण ही ताकीद त्या एका खेळाडूपुरती नसते. तशाच कृतीसाठी ती पूर्ण संघाला आणि सामना संपेपर्यंत लागू होते. पहिल्या क्वार्टरमध्ये ७ नंबरला दिलेली ताकीद चौथ्या क्वार्टरमध्ये १२ नंबरला टेक्निकल मिळवून देऊ शकते. नंतर सहकारी पंचाला सांगायचं. हे शेवटचं राहून जातं, आणि मग एक पंच दुसऱ्यांदा ‘ताकीद’ देतो तेव्हा बेंचवरून हसू ऐकू येतं.

शेवटच्या दोन मिनिटांत चित्र पालटतं. चौथ्या क्वार्टरमध्ये आणि ओव्हरटाइममध्ये २:०० किंवा कमी वेळ उरला असेल तर बास्केट होताच घड्याळ थांबतं. टोलवून एक सेकंदही मिळत नाही. मग खेळाडू का टोलवतात? एक तर फुल कोर्ट प्रेस (मैदानभर दबावाचा बचाव) लावायला. दुसरं कारण जास्त हुशारीचं आहे. या काळात बास्केट करणाऱ्या संघाला त्या बास्केटनंतर टाइम-आउट किंवा बदली मिळत नाही. अपवाद, पंचांनी खेळ थांबवला असेल तर. म्हणजे घाईने वाजवलेली शिट्टी टोलवणाऱ्या संघालाच बदली खेळाडू आत आणायची वाट उघडून देऊ शकते. आधी ताकीद झाली नसेल आणि बॉल जवळच असेल तर तोंडाने बजावून खेळ पुढे जाऊ द्यावा. आधी ताकीद झाली असेल तर विचार करू नका, टेक्निकल द्या.

टेक्निकलची शिक्षा एक फ्री थ्रो. समोरच्या संघातला कुणीही खेळाडू मारतो, बाकीचे रांगेत उभे राहत नाहीत. नंतर खेळ जिथे थांबला तिथूनच, म्हणजे त्याच संघाचा एंड लाइनमागून थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं). खेळाडूचा टेक्निकल संघाच्या फाउलमध्ये मोजला जातो आणि एकाच खेळाडूला दोन झाले की तो सामन्याबाहेर.

प्रश्न : आठ गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या तीन मिनिटांत नुसता पास-पास खेळतो, बास्केटकडे बघतही नाही. याला वेळकाढूपणाचा फाउल नाही? — पालक, नागपूर

नाही. हँडबॉलमध्ये पंच हात वर करून ‘निष्क्रिय खेळ’ म्हणून बजावतात, तसं बास्केटबॉलमध्ये काही नाही. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले (हे मोजतो तो शॉट क्लॉक) २२ वाया घालवून शेवटी शॉट मारणं हा डाव आहे, गुन्हा नव्हे. पुढे असलेला कबड्डी संघ निदान रेषा ओलांडून परत येणारी चढाई करतो, तसंच हे.

शॉट क्लॉक आला तोच यावर इलाज म्हणून. २२ नोव्हेंबर १९५० रोजी एनबीएमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असं हरवलं. संपूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण, कारण फोर्ट वेनने बॉल नुसता धरून ठेवला होता. सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी १९५४मध्ये हिशेब मांडला: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, ४८ मिनिटांचे सेकंद २८८०, भागिले १२० म्हणजे २४. फिबाने १९५६मध्ये ३० सेकंद आणले आणि २०००मध्ये ते २४वर उतरवले. अमेरिकेतल्या कॉलेजांनी मात्र १९८०च्या दशकापर्यंत कळ काढली. १९८२च्या एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने बॉल खेळवत ठेवून व्हर्जिनियाला ४७–४५ हरवलं, आणि १९८५-८६च्या मोसमापासून तिथेही ४५ सेकंदांचा शॉट क्लॉक आला.

प्रश्न : आमच्याकडे तालुका स्पर्धेत शॉट क्लॉकचं यंत्रच नसतं. मग पंचांनी काय करायचं? — प्रशिक्षक, सांगली जिल्हा

यंत्र नाही म्हणजे नियम नाही असं होऊ देऊ नका. टेबलवर एक माणूस फक्त याच कामाला बसवा, हातात स्टॉपवॉच द्या. दहा सेकंद उरले की त्याने मोठ्याने ‘दहा!’ म्हणायचं, शेवटचे पाच आकडे ओरडून मोजायचे आणि शून्याला वेगळ्या आवाजाची शिट्टी किंवा भोंगा वाजवायचा. पंचांची शिट्टी आणि त्याची शिट्टी सारखी असू नये, नाहीतर खेळाडू फाउल समजून थांबतात. घड्याळ २४वर कधी आणायचं आणि १४वर कधी, हे त्याला सामन्याआधी दहा मिनिटं बसवून समजवा. बॉल रिंगला लागून त्याच संघाकडे परत गेला तर १४, समोरच्याने धरला तर २४, आणि रिंगला न लागता परत मिळाला तर काहीच बदलायचं नाही. चुका होतात त्या या तिसऱ्यात. ही सोय स्थानिक आहे, म्हणून सामन्याआधीच दोन्ही प्रशिक्षकांना सांगून ठेवा.

तेवढा माणूसही नसेल तर हाताशी असलेले नियम तरी पुरते वापरा. मागच्या अर्ध्या कोर्टातून ८ सेकंदांत पुढे यायलाच हवं. एकदा पुढे आल्यावर बॉल मागे नेता येत नाही. आणि ५ सेकंदांचा नियम: बॉल हातात धरून उभ्या असलेल्या खेळाडूला समोरचा एक मीटरच्या आत येऊन नीट बचाव करत असेल तर ५ सेकंदांत त्याने पास, शॉट किंवा ड्रिबल करायलाच हवं. शाळेच्या सामन्यांत हा नियम फार कमी वेळा मोजला जातो. पंचांनी हात हलवत दिसेल असं मोजलं की बचाव करणाऱ्यांनाही जवळ जायचा उत्साह येतो, आणि बॉल धरून बसण्यातली मजा जाते. ड्रिबल चालू असताना मात्र ही मोजणी लागू नाही.

प्रश्न : टाइम-आउट संपल्याचा भोंगा होतो, तरी एक संघ घोळका करून उभाच. पंच दोनदा शिट्टी वाजवतात, हातवारे करतात. पुढे काय? — नवीन राज्य पंच, पुणे

टाइम-आउट ६० सेकंदांचा. ५० सेकंदांना टेबलवरून भोंगा वाजतो तो ‘निघा’ म्हणून. पंच त्या वेळी मध्यभागी गप्पा मारत उभे असतात, तिथे पहिली चूक होते. ५०व्या सेकंदाला एकेका पंचाने बेंचकडे दोन पावलं जायचं आणि ‘कोच, चला’ म्हणायचं. बहुतेक संघ एवढ्याने हलतात.

हलले नाहीत तर मुख्य प्रशिक्षकाला ताकीद. तरीही नाही तर त्या संघाच्या नावावर आणखी एक टाइम-आउट लावायचा. तो शिल्लक नसेल तर प्रशिक्षकाला टेक्निकल, स्कोअरशीटवर ‘बी’ (स्वतःच्या वागणुकीचा नव्हे, संघाच्या चुकीचा) म्हणून. मध्यंतरानंतर संघ उशिरा मैदानात उतरला तर असाच एक टाइम-आउट त्याच्या नावावर चढतो, पण मिनिटभर थांबायचं नाही. खेळ लगेच सुरू. नवे पंच इथे चुकतात, टाइम-आउट लावतात आणि वर साठ सेकंद मोजतातही. म्हणजे उशीर करणाऱ्याला बक्षीस.

ही शिक्षा दिसते तेवढी हलकी नाही. दुसऱ्या अर्ध्यात तीनच टाइम-आउट असतात आणि त्यांतले शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. एक असा वाया गेला की शेवटच्या बॉलला प्रशिक्षक रिकाम्या हातांनी उभा. बदली खेळाडू रेंगाळत आत-बाहेर करत असतील तरीही हाच क्रम: अवाजवी उशीर, मग टाइम-आउट, तो नसेल तर ‘बी’. पाच फाउल होऊन बाहेर जाणाऱ्याच्या जागी दुसरा उतरवायला साधारण ३० सेकंद मिळतात. त्याची पाठ थोपटणं, टाळ्या देणं हे त्या तीस सेकंदांतच.

प्रश्न : दमलेल्या संघाचा खेळाडू पाय धरून खाली बसतो. एक मिनिट जातं. मग उठून तोच खेळतो! नाटक आहे हे सगळ्यांना कळतं, पण पंच डॉक्टर थोडेच आहेत? — वाचक, सोलापूर

म्हणूनच नियमाने पंचांना डॉक्टर व्हायला सांगितलेलं नाही. नाटक की खरं, हे ठरवायची गरजच नाही. फक्त पुढचा क्रम चुकता कामा नये.

बॉल जिवंत असताना कुणी पडलं तर लगेच शिट्टी नाही. ज्या संघाकडे बॉल आहे तो शॉट मारेपर्यंत, बॉल गमावेपर्यंत, स्वतःहून खेळ थांबवेपर्यंत किंवा बॉल डेड होईपर्यंत थांबायचं. समोरच्याची फास्ट ब्रेक तोडायला पडलेला खेळाडू इथेच उघडा पडतो. मात्र डोक्याला मार, रक्त, वेड्यावाकड्या वळलेल्या पायासारखं काही दिसलं तर क्षणभर न थांबता शिट्टी. तिथे डावाचा विचार करू नये.

खेळ थांबल्यावर मनात पंधरापर्यंत मोजा. साधारण १५ सेकंदांत खेळाडू स्वतःच्या पायावर खेळायला तयार झाला तर तो राहू शकतो. नाही झाला, किंवा त्याला मदत मिळाली, तर त्याची बदली झालीच पाहिजे. मदत म्हणजे औषधच असं नाही. बेंचवरचा कुणीही, पाण्याची बाटली घेऊन का होईना, त्याच्याकडे मैदानात आला की मदत मिळाली असं धरायचं. पेटके आले म्हणून सहायक प्रशिक्षक पळत येऊन पाय ताणून देतो, मग ‘आता ठीक आहे, खेळतो’ म्हणतात. हे चालत नाही. बाहेर. बाहेर गेलेला खेळाडू मधे घड्याळ पुन्हा चालू होऊन बॉल डेड झाल्याशिवाय परत येऊ शकत नाही. संघात पाचही खेळाडू उरत नसतील तरच सूट.

एक पळवाट नियमानेच ठेवली आहे: बदलीचा भोंगा वाजण्याआधी कोणत्याही संघाने टाइम-आउट घेतला आणि त्यात खेळाडू सावरला, तर तो राहू शकतो. म्हणजे त्याला ठेवायचंच असेल तर प्रशिक्षकाने टाइम-आउटची किंमत मोजावी. हा सौदा रास्त आहे. पडलेला खेळाडू फ्री थ्रो मारणारा असेल आणि बाहेर गेला, तर त्याच्या जागी आलेला बदलीच ते फ्री थ्रो मारतो. मैदानावरच्याच दुसऱ्या अचूक नेमबाजाला फ्री थ्रोला उभं करायची युक्ती तिथेच संपते.

शॉट क्लॉकचं विसरू नका. बॉल ज्यांच्याकडे होता त्यांचाच खेळाडू पडला तर उरलेल्या सेकंदांवरच खेळ सुरू. बचाव करणारा पडला आणि बॉल समोरच्यांच्या पुढच्या अर्ध्यात होता, तर १४ किंवा जास्त उरले असतील तर तेवढेच, १३ किंवा कमी असतील तर पुन्हा १४. दम खायला पडलेल्या बचावपटूने समोरच्यांना नवे सेकंद दिले, हे टेबलने नीट लावलं की बेंचवरून पुढचं पडणं आपोआप कमी होतं.

डॉक्टरने हलवणं धोक्याचं म्हटलं तर मात्र वेळेची कुठलीही मर्यादा नाही. डॉक्टरला मैदानात यायला पंचांची परवानगीही लागत नाही.

प्रश्न : थ्रो-इन घेणाऱ्याच्या तोंडासमोर हात नाचवत बचावपटू रेषेच्या बाहेर येतो. पंच कधी ताकीद देतात, कधी थेट टेक्निकल. नियम एकच हवा ना? — खेळाडू, कोल्हापूर

नियम एकच आहे, घड्याळ दोन आहेत. पहिल्या ३८ मिनिटांत रेषा ओलांडून थ्रो-इनमध्ये अडथळा आणला तर ताकीद, पुन्हा केलं तर टेक्निकल. शेवटच्या दोन मिनिटांत पंच बॉल देण्याआधीच रेषा ओलांडू नका अशी हाताची खूण बचावपटूला करतात. ती खूण हीच ताकीद. त्यानंतर शरीराचा कुठलाही भाग रेषेपलीकडे गेला की थेट टेक्निकल. तुम्हाला दिसलेला फरक हाच असावा. पण पंचांनी खूण न करता बॉल दिला असेल तर घोळ त्यांचा आहे. खूण करताना बचावपटूच्या डोळ्यांत बघा, तो वळून बेंचकडे बघत असेल तर बॉल देऊ नका.

रेषेबाहेर भिंत किंवा बाकं असतात तिथे वेगळी अडचण. बाहेर दोन मीटर मोकळी जागा नसेल तर बचावपटूने एक मीटर मागे उभं राहायचं. आपल्या शाळांच्या सिमेंट कोर्टांवर एका बाजूला कुंपण जवळजवळ असतंच, म्हणून हे आधीच बघून ठेवा.

उलट बाजूही लक्षात घ्या: थ्रो-इन घेणाराही वेळ काढतो. बॉल त्याच्या ताब्यात दिल्यापासून ५ सेकंद. बास्केटनंतर तो बॉलकडे मुद्दाम चालत जात असेल, बॉल पायाशी पडला असेल, तर त्याने उचलायची वाट बघत बसायचं नाही. बॉल त्याला घेता येण्याजोगा झाला की मोजायला सुरुवात. पहिल्यांदा हे केलं की ‘अजून उचलला कुठे?’ म्हणून आरडाओरडा होतो. होऊ द्या.

प्रश्न : मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करत सुटतो. चाळीस सेकंदांना दहा मिनिटं लागतात. हाही वेळकाढूपणाच नाही का? — वाचक, मडगाव

घड्याळाच्या दृष्टीने हे वेळ काढणं नाही, वेळ वाचवणं आहे. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. ते चुकतील या आशेवर हा डाव चालतो. बॉलवर हात टाकायचा खरा प्रयत्न असेल तर साधा फाउल.

पंचांनी बघायचं ते बॉल कुठे आहे. बॉल एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला कुणी कमरेला मिठी मारतोय, किंवा पळणाऱ्याला मागून ओढतोय, तर तो बॉल खेळण्याचा प्रयत्न नव्हे. अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्ती सोडून केलेला) फाउल: दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही, पुढच्या अर्ध्यातल्या थ्रो-इन रेषेवरून, शॉट क्लॉकवर १४. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल अजून बाहेरच आहे, पंचाच्या किंवा थ्रो-इन घेणाऱ्याच्या हातात, आणि आत बचावपटूने फाउल केला, तर तो थ्रो-इन फाउल: एक फ्री थ्रो आणि बॉल पुन्हा त्यांचाच. बॉल आत येण्याआधीच फाउल करून घड्याळ गोठवायची सवय यामुळे महागात पडते. पंच पहिला सौम्य फाउल सोडून देतात तेव्हा मात्र पुढचा फाउल जोरात बसतो, कारण खेळाडूला शिट्टी हवीच असते. अशा वेळी पहिल्या स्पर्शाला शिट्टी वाजवणं हीच सगळ्यांची सुरक्षितता.

प्रश्न : फ्री थ्रोच्या आधी बुटाची नाडी, मग घाम पुसणं, मग हेअरबँड… — पंच, ठाणे

बॉल मारणाऱ्याच्या हाती देण्याआधी घाम पुसायला वेळ द्या, माणूस आहे. एकदा दिला की ५ सेकंद, आणि ते दिसतील असे मोजा. नाडीसाठी चालू खेळ थांबवू नये. डेड बॉलला एकदा बांधू द्यावी. दुसऱ्यांदा सुटली तर ‘बाहेर जाऊन बांध’ असं म्हणून बदली मागावी. हे पहिल्या क्वार्टरपासून दोन्ही संघांना सारखंच केलं तर चौथ्यात कुणी नाडीला हात लावत नाही.

प्रश्न : प्रशिक्षक दर निर्णयाला पंचांना बोलावून घेतात, त्यातच वेळ जातो. — टेबल ऑफिशियल, छत्रपती संभाजीनगर

घड्याळ थांबलेलं असेल तर सेकंद जात नाहीत, पण त्याचे खेळाडू दम खातात. तेच त्याला हवं असतं. एक प्रश्न, एक वाक्याचं उत्तर, आणि उत्तर देता देता बॉलकडे चालायला लागा. दुसऱ्यांदा बोलावलं तर जाऊ नका, तुमच्या जागेवरून खेळ सुरू करा. त्यावरही चालू राहिलं तर ताकीद, मग प्रशिक्षकाचा स्वतःचा टेक्निकल, स्कोअरशीटवर ‘सी’. असे दोन झाले की तो बाहेर. हा टेक्निकल संघाच्या फाउलमध्ये धरत नाहीत, हे स्कोअररला आठवण करून द्यावं लागतं.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळतो. तिथे त्याच्या संघाला बॉल टोलवल्याबद्दल टेक्निकल मिळाला, पण ताकीद म्हणे पाणी सांडल्याची होती! हे कसं? — वाचक, नाशिक

तिथल्या बहुतेक हायस्कुलांत एनएफएचएसची (हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाची) नियमावली चालते. सामना आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा. उशिराच्या ताकिदीचे चार प्रकार ठरलेले आहेत: थ्रो-इनच्या रेषेपलीकडे हात घालणं, फ्री थ्रो मारणाऱ्याभोवती घोळका करून त्याला स्पर्श करणं, बास्केटनंतर बॉलला हात लावणं, आणि टाइम-आउटनंतर मैदान तयार नसणं. पाणी सांडलं ते या चौथ्यात. ताकीद स्कोअरबुकात लिहिली जाते आणि ती चारही प्रकारांना मिळून एकच असते. म्हणून एकदा पाण्याची ताकीद मिळाली की नंतर हात बॉलला लागला तरी संघाचा टेक्निकल: दोन फ्री थ्रो आणि बॉलही समोरच्यांना. आपल्याकडे ताकीद तशाच कृतीपुरती चालते, हा मोठा फरक.

टाइम-आउटनंतर संघ आला नाही तर तिकडचे पंच सरळ बॉल जमिनीवर ठेवतात आणि पाच मोजायला लागतात. आणि शॉट क्लॉक तिथे सगळीकडे नाही. २०२२-२३पासून ३५ सेकंदांचा शॉट क्लॉक वापरायचा की नाही हे प्रत्येक राज्याने ठरवायचं आहे. भाच्याच्या राज्यात तो नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांत बॉल धरून बसलेला संघ त्याला नक्की भेटेल. तेव्हा बचाव करताना सहा फुटांच्या आत जाऊन उभं राहायला सांगा. तिथला ५ सेकंदांचा नियम त्या अंतरावर सुरू होतो. आणि टाइम-आउटला पाण्याची बाटली बाकाखाली ठेवायची, कोर्टावर नाही.